वाचकांचे प्रश्न : कॅमेऱ्यापुढची कसुती

प्रश्न : मी बेळगावच्या शहापूर भागात राहते आणि गेली अठरा वर्षे कसुतीचे भरतकाम करते आहे. एका वाहिनीच्या हस्तकलेच्या कार्यक्रमासाठी मला बंगळूरला बोलावणे आले असून आठ मिनिटांत एक नमुना ‘करून दाखवा’ असे त्यांनी कळवले आहे. तळहाताएवढे तुळशीवृंदावन भरायलासुद्धा मला दोन दुपारी लागतात. मग आठ मिनिटांत मी दाखवू तरी काय? आपणही पूर्वी अशा कार्यक्रमात गेला होता, असे याच सदरात वाचल्याचे स्मरते. तो अनुभव सविस्तर सांगावा. (एक भगिनी, शहापूर)

उत्तर : ताई, आपले अभिनंदन. माझा पहिला अनुभव बराचसा फजितीचाच आहे, आणि म्हणूनच तो आपल्या उपयोगी पडेल. राणी चन्नम्मा गाडीने रात्रभर प्रवास करून मी सकाळी बंगळूरला उतरले, तेव्हा माझ्या पिशवीत एक कापड, एक रिंग, सुयांची डबी आणि दोऱ्याच्या चार लडी एवढेच सामान होते. मी तिथे बसणार, भरत राहणार आणि कॅमेरा ते टिपत राहणार, अशी माझी भाबडी समजूत होती. तिथल्या साहाय्यक मुलीने पिशवीत डोकावून विचारले, “बाकीचे तुकडे कुठे आहेत?” बाकीचे म्हणजे कोणते, हेच मला कळेना.

पाककृतीच्या कार्यक्रमात कुकर गॅसवर ठेवतात आणि पुढच्याच क्षणी शिजलेली डाळ पुढे येते, हे आपण पाहिले असेलच. हस्तकलेचेही तसेच असते. एकच नमुना निरनिराळ्या टप्प्यांवर थांबवलेला असा चार-पाच वेळा घरीच भरून न्यावा लागतो आणि कॅमेऱ्यापुढे प्रत्येक टप्प्यातले दोन-चार टाकेच प्रत्यक्ष घालायचे असतात. आपल्या आठ मिनिटांमागे पंधरा दिवसांचे काम आहे असे समजून आजच सुरुवात करावी.

गवंतीच्या, म्हणजे कसुतीतल्या दुहेरी धावदोऱ्याच्या, बाबतीत ही तयारी तर अत्यावश्यक आहे. जाताना आपण एक घर (मोजलेल्या धाग्यांची जागा) सोडून एक असा साधा धावदोरा घालत जातो आणि परत येताना सुटलेली घरे भरत येतो. त्यामुळे पहिली फेरी संपते तेव्हा पाहणाऱ्याला नुसत्या तुटक रेघा दिसतात आणि बाईंचे काहीतरी चुकले असे त्याला वाटते. म्हणून माझा सल्ला असा : पहिल्या तुकड्यावर जातानाची फेरी अर्ध्यावर थांबवा, दुसऱ्यावर ती पूर्ण करा, तिसऱ्यावर परतीची फेरी अर्ध्यावर आणून थांबवा, चौथा पूर्ण भरलेला असू द्या आणि पाचवाही पूर्णच, पण तो पालथा करून दाखवण्यासाठी राखून ठेवा. कापडाची उलट बाजू सुलटीसारखीच दिसणे हा कसुतीचा खरा अभिमान, आणि नेमका तोच कॅमेऱ्याला आपण होऊन कधीच दिसत नाही. चित्रीकरणापूर्वी निर्मात्यांना हे स्पष्ट सांगून ठेवा आणि त्या क्षणासाठी निदान अर्धे मिनिट मागून घ्या. मी ते मागितले नाही. तासाभराच्या चित्रीकरणात माझ्या कापडाची मागची बाजू एकदाही पडद्यावर आली नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

आता खरी फजिती. कसुतीत गाठ मारत नाहीत, हे आपल्याला मी सांगायला नको. दोऱ्याचे टोक मोकळे ठेवायचे आणि मागाहून टाक्यांखालून ओवून घ्यायचे. मी सुई ओवत असताना निवेदिकेने मला काहीतरी विचारले, मी तिच्याकडे पाहून उत्तर देऊ लागले आणि बोटांनी आपल्या सवयीने, साडीला फॉल लावताना मारावी तशी, दोऱ्याच्या टोकाला गाठ मारून टाकली. जवळून घेतलेल्या दृश्यात ती गाठ मोसंबीएवढी दिसत होती. कार्यक्रम प्रसारित झाला त्या संध्याकाळी माझ्या मावशीचा वडगावहून फोन आला, तो कौतुकाचा नव्हता. तेव्हा हात आणि तोंड एकाच वेळी चालवण्याचा सराव घरी करून जावे. घरातल्या कोणालातरी समोर बसवून प्रश्न विचारायला लावावे आणि उत्तर देतानाही घरांची मोजदाद चुकते का ते पाहावे. माझी तरी चुकते. म्हणून हल्ली मी टाका घालताना बोलत नाही, सुई थांबवूनच बोलते.

कापड आणि दोरा नेहमीचा घेऊ नका. इरकली साडीच्या अंगावर ताणे-बाणे मोजून भरलेले काम डोळ्यांना कितीही नाजूक वाटले, तरी पडद्यावर त्याची घरे दिसत नाहीत. प्रात्यक्षिकासाठी मोठ्या घरांचे फिकट मॅटी कापड घ्यावे, लडीतल्या सहा पदरांपैकी एक-दोन न घेता चार तरी पदर घ्यावेत आणि रंग गडद निवडावा. काळ्या चंद्रकळेवरची कसुती आपल्याकडे मानाची असली, तरी टाके शिकवण्यासाठी काळी जमीन घेऊ नये. ती पूर्ण साडी शेवटी पदर पसरून दाखवण्यासाठी न्यावी. छापा न मारता केवळ मोजून भरतो, हे निवेदिका विचारो वा न विचारो, आपणच सांगून टाकावे, कारण “डिझाइन छापलेय कुठे?” हा प्रश्न हमखास येतो.

नेसण्याविषयी आपण विचारलेले नाही, पण सांगते. माझी बारीक चौकटीची इरकल मला लगेच बदलावी लागली. कॅमेऱ्याच्या आतला पडदा बारीक ठिपक्यांच्या ओळींनी बनलेला असतो. साडीच्या बारीक रेघा आणि त्या ओळी एकमेकींवर पडल्या की चित्रात लाटा उठतात. एका मच्छरदाणीवर दुसरी धरली की जशी वळणे नाचताना दिसतात, तसाच हा प्रकार आहे. सपाट रंगाची साडी नेसावी. काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्यात, कारण पदराला लावलेला छोटा माइक त्यांची किणकिण आपल्या आवाजाहून मोठी करतो. आणि नखे नीट कापावीत. पूर्ण पडदाभर आपली बोटेच दिसणार आहेत.

प्रश्न : मलाही कसुती दाखवायला बोलावले आहे, पण कार्यक्रम कन्नडमध्ये आहे. माझे कन्नड बाजारहाटापुरते चालते, पण कलेविषयी बोलताना शब्द अडतात. मराठीत बोलू देण्याचा आग्रह धरावा का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आग्रह धरू नये, मात्र आधी कल्पना द्यावी. कसुतीचे शब्द मुळात कन्नडच आहेत आणि आपण ते रोज वापरतोच : गवंती, मुरगी, नेयगे, मेंथी ही टाक्यांची नावेच पाहा. गवंतीचे मूळ ‘गंटू’ म्हणजे गाठ, नेयगे म्हणजे विणकाम आणि मेंथी म्हणजे मेथी, एवढे सांगता आले तरी कन्नड प्रेक्षक आपला होतो. (नावात गाठ आणि कामात गाठ नाही, ही गंमत मी माझ्या फजितीनंतर प्रत्येक वेळी सांगते.) उरलेली दहा-बारा वाक्ये शेजारच्या कन्नड भाषक बाईंकडून तपासून घ्यावीत आणि पाठ न करता रोज बोलून पाहावीत. मराठी वाहिनीवर जाल तेव्हा उलट अडचण येईल. तिथे गवंतीला ‘दुहेरी धावदोरा’ म्हणून समजवावे लागते.

प्रश्न : माझ्या वाकळी एका कार्यक्रमात दाखवण्यासाठी मागितल्या आहेत. मानधनाचे विचारणे बरे दिसेल का? (एक वाचक भगिनी, निपाणी)

उत्तर : अवश्य विचारावे, तेही जाण्यापूर्वी आणि लेखी. मानधन किती, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कोण करणार, आणि चित्रण पुढे इंटरनेटवरही टाकणार का, हे तिन्ही प्रश्न एकाच पत्रात विचारता येतात. तिथे गेल्यावर सहीसाठी एक संमतिपत्र पुढे करतात. रंगभूषा चालू असताना ते देतात, तरीही थांबून वाचावे. आपले नाव, गाव आणि कलेचे नाव कागदावर देवनागरी व कन्नड अशा दोन्ही लिपींत लिहून द्यावे, कारण माझ्या नावाखाली पडद्यावर ‘धारवाड’ असे झळकले होते आणि ते दुरुस्त करायला उशीर झाला होता.

वाकळींची यादी करून प्रत्येकीचे मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि ताब्यात घेणाऱ्याची त्या यादीवर सही घ्यावी. वाकळ टेबलाला किंवा भिंतीला चिकटपट्टीने लावू देऊ नये, वरच्या काठाला दोऱ्याचे फास शिवून न्यावेत. माझ्या एका जुन्या कापडावर त्या पट्टीचा पिवळा डाग तीन धुण्यांनंतरही राहिला आहे.