काविळीत मुलाच्या रक्तातल्या पेशी कमी झाल्यात, पपईच्या पानांचा रस द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की 6 वर्षांच्या मुलाला हिपॅटायटिस ए झालाय, सीबीसीत (रक्तातल्या पेशींच्या तपासणीत) पांढऱ्या पेशी 3,400 आणि प्लेटलेट 1,20,000 आल्यात आणि घरचे पपईच्या पानांचा रस द्या म्हणतायत. देऊ नका. या काविळीत पेशी थोड्या खाली येतात आणि बहुतेक मुलांत आपल्या आपण वर येतात. आधीच सुजलेल्या लिव्हरवर कसले कसले रस कशाला ओतायचे.

पण तुम्ही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) लिहिलाच नाहीये. तो केला नसेल तर आजच करा.

आमच्या मुलाला झाली तेव्हा घरात सगळे प्लेटलेट-प्लेटलेटच करत होते, आणि मोठे दीर म्हणत होते काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं, गावी नेऊन माळ घालू. मी अडून बसले. आणि मग त्याची लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली, पोरगं पांढरंफटक पडलं, हिमोग्लोबिन 11 वरून 6 वर आलं आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, 30 च्या पुढे. तर सासरचे म्हणे हॉस्पिटलवाले रोज रक्त काढतात म्हणून कमी झालं! अहो, सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत दोनेक मिली रक्त जातं, त्याने पाच ग्रॅम उतरतं का? लाल पेशी आतल्या आत फुटत होत्या. पेशी का फुटतायत ते शोधायला डॉक्टरांनी रेटिक काउंट, कूम्ब्स, जी6पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम, ते कमी असलं की पेशी लवकर फुटतात) सगळं पाठवलं, सलाईन जोरात चालू ठेवलं कारण फुटलेल्या पेशींमुळे किडनीवर ताण येतो, आणि रक्त चढवलं.

जी6पीडीचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि दीर लगेच, बघा काही नव्हतं. पण त्या वेळी जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात, नव्या पेशींत हे एन्झाइम जास्त असतं, वरून दुसऱ्याचं रक्त दिलेलं, मग नॉर्मलच दिसणार ना. तीन महिन्यांनी परत केला, कमी निघाला. मुलाला हा दोष आईकडून येतो, म्हणून मग 'तुमच्या माहेरचं' सुरू झालं. हो, माझ्याकडूनच आला, त्यात लपवायचं काय? कळलं म्हणून आज त्याच्या फाईलवर कुठली औषधं चालत नाहीत ते लिहिलेलं आहे आणि आमच्या कपाटात डांबरगोळ्या नाहीत, त्यांनीही अशा मुलांच्या पेशी फुटतात. माळ घालून गावी बसलो असतो तर हे कोणी शोधलं असतं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

आयएनआरचं राहिलंच. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं, त्यामुळे लिव्हर खरंच कसं चाललंय ते तिथे कळतं. एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा आकडा) भराभर उतरतोय आणि आयएनआर चढतोय, तर खूश होऊ नका. व्हिटॅमिन के देऊनही तो 1.5 किंवा वर राहिला, किंवा मूल बरळायला लागलं, दिवसा झोपून रात्री जागं राहायला लागलं, तर मुलांच्या लिव्हरचे डॉक्टर असतील तिथे लगेच हलवा.

मी डॉक्टर नाही, आणि आमच्यासारखं सगळ्यांचं होत नाही, बहुतेक मुलं काही आठवड्यांत खेळायला लागतात. प्लेटलेट फारच खाली गेल्या, अंगावर लाल ठिपके आले किंवा बरं झाल्यावरही तिन्ही पेशी कमीच राहिल्या तर मात्र रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा. घरात दुसरं मूल असेल तर त्याला हिपॅटायटिस एची लस द्यायची का ते आत्ताच विचारा, संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत दिली तर उपयोग होतो. आणि माळ गळ्यात घालून कोणाचं समाधान होत असेल तर घालू द्या, पोटात आणि नाकात मात्र काही जाऊ देऊ नका, कोणीही रुसलं तरी.