पीयूसी पास झाली म्हणजे मॉडिफिकेशनही पास झालं का?

प्रश्न थोडक्यात असा: बीएस-६ टर्बो पेट्रोल गाडी आहे, डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी) बदललाय, रिमॅप केलाय (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललंय), पीयूसी पास आहे. तरी परवा अडवून दंड लावला. पीयूसी असताना दंड कसा? आणि पुढच्या टेस्टआधी स्टॉक म्हणजे कंपनीचा मूळ मॅप परत टाकावा का?

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. पीयूसी हे गाडीच्या धुराचं प्रमाणपत्र आहे, गाडीचं नाही. गाडीत काय बदलता येतं ते मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला स्पष्ट केलंय. त्याच वर्षी कायदा सुधारला, तेव्हा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आली. तुमच्या हातातला पीयूसीचा कागद तिथे काहीच कामाचा नाही.

आता खरं बोलतो. हाच युक्तिवाद मी स्वतः चार वर्षं केलाय, आणि तोही माझ्या साडूंशी.

माझी गाडी बीएस-४ पेट्रोल, टर्बो. वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आत जाळी असते) काढला, सरळ नळीचा डाउनपाइप टाकला, मॅप करून घेतला. मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर बसवला, म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागायला नको. पळायची छान, ते नाकारत नाही. घरच्या प्रत्येक कार्यात साडू सगळ्यांसमोर म्हणायचे, "तुमच्यासारख्यांमुळे हवा खराब होते." मी खिशातून पीयूसी काढून दाखवायचो. हसू नका, खरंच दाखवायचो.

ती पीयूसी कशी मिळत होती हेही सांगतो. पहिली तीन वर्षं ज्या पीयूसी व्हॅनवाल्याकडे जायचो तो नळी पाइपात जेमतेम चार बोटं सारायचा, नंबर प्लेटचा फोटो काढायचा आणि प्रिंट द्यायचा. एवढ्या वरवर घातलेल्या नळीत अर्धी बाहेरचीच हवा जाते, आकडे गोड येणारच. मला ते कळत होतं. मी गप्प होतो.

चौथ्या वर्षी ती व्हॅन जागेवर नव्हती म्हणून दुसऱ्या सेंटरवर गेलो. तिथे वीस-बावीसचा मुलगा. त्याने आधी विचारलं, "काका, गाडी तापलेली आहे ना?" (मी चाळिशीचा. काका.) मग नळी कोपरापर्यंत आत घातली, क्लिप लावली, आयडलला (रेस न देता) थांबला, मग मला २,५०० आरपीएम धरायला सांगितलं. आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आला ०.७४ टक्के, मर्यादा ०.३. एचसी (न जळलेलं पेट्रोल) २३८ पीपीएम, मर्यादा २००. आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, एक म्हणजे अचूक) बरोबर १.००.

तो लॅम्डा बघून मी उसळलो. म्हटलं, बघ, मिक्श्चर परफेक्ट आहे, तुझं मशीन बिघडलंय. तो मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, लॅम्डा एक आहे म्हणजे इंजिन चांगलंय. मग सीओ एवढा का, ते तुम्हाला माहितीये. आत जाळी आहे ना?"

मी म्हटलं, आहे.

त्याने वाद घातला नाही. रिजेक्शन स्लिप काढून हातात दिली. ही स्लिप २०२१ च्या नव्या नियमांनी आली, त्याआधी नापास गाडी कागदावर कुठे दिसायचीच नाही.

मुलगा अगदी बरोबर होता. हवा-पेट्रोलचं प्रमाण कितीही अचूक असू दे, सिलिंडरमधून निघणाऱ्या धुरात थोडा सीओ आणि न जळलेलं पेट्रोल राहतंच. ते संपवण्याचं काम कॅटचं, आणि तोही अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. माझ्या ट्यूनरचा सल्ला होता, "मॅप जरा लीन करून देतो, पेट्रोल कमी, सीओ खाली येईल." येईलही. पण लॅम्डाची मर्यादा ०.९७ ते १.०३ आहे, लीन केलं की तिकडून नापास. म्हणून सांगतो, कॅट काढलेला असेल तर स्टॉक मॅप परत टाकून टेस्ट निघेल ही आशा सोडा. कॅट जागेवर असेल तर आयडलच्या आकड्यांना मॅपने सहसा फार फरक पडत नाही, कारण बहुतेक मॅप फुल थ्रॉटलला मिश्रण रिच करतात, म्हणजे पेट्रोल वाढवतात, आणि पीयूसी तिथे मोजतच नाही.

शेवटी माळ्यावरून जुना कॅट काढला. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, एका टोकाला पालीने अंडी घातली होती. तो बसवला, वीस किलोमीटर फिरवून त्याच मुलाकडे गेलो. सीओ ०.०३, एचसी १९. आणि एक गोष्ट मी विचारातच घेतली नव्हती. चार वर्षं माझ्या मुलीला मागच्या सीटवर मळमळायचं. आम्ही घाटाला दोष द्यायचो, रिकाम्या पोटाला द्यायचो, काच उघडी ठेवायचो. कॅट बसवल्यानंतरच्या पहिल्या प्रवासात ती झोपली. बायकोने माझ्याकडे फक्त बघितलं.

तर डीकॅटच्या, म्हणजे कॅट काढण्याच्या, बाजूने मी आता बोलणार नाही. पण साडूंच्या बाजूनेही बोलणार नाही. त्यांची गाडी डिझेल, बाहेरून एक स्टिकरसुद्धा नाही, "एकदम कंपनी कंडिशन". गेल्या वर्षी बॉनेट उघडलं तेव्हा ईजीआरच्या तोंडाशी पत्र्याचा तुकडा दिसला. मेकॅनिकने अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून ईजीआर बंद करून दिलाय. ईजीआर थोडा धूर परत इंजिनात पाठवून ज्वलनाचं तापमान खाली ठेवतो, तो बंद केला की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. आणि डिझेलच्या पीयूसीत रेस देऊन फक्त धुराचा काळेपणा बघतात, बीएस-४ ला मर्यादा ५० एचएसयू (काळेपणा मोजायचं एकक). नायट्रोजन ऑक्साइड कोणी मोजतच नाही, ना त्यांच्या गाडीत, ना माझ्या. म्हणजे माझी चोरी मशीनला पकडता आली, त्यांची येणारच नाही. नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये डिझेलसाठी कणमोजणी (धुरातले बारीक कण मोजणं) आणली ती अशाच कारणाने. जुन्या धूर-चाचणीत काढून टाकलेला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) सापडत नव्हता. अडवताना मात्र आपल्याकडे आवाज करणारी गाडीच अडवतात.

दोन गोष्टी राहिल्या. सायलेन्सर कॅटच्या मागे बदलला असेल तर सीओचे आकडे त्याने बिघडत नाहीत. आवाजाचा आणि कलम ५२ चा प्रश्न मात्र राहतोच. आणि सीएनजी किटवाल्यांनी हे वाचून घाबरू नये. मान्यताप्राप्त किट आणि आरसीवर नोंद असेल तर तो बदल कायद्याला मान्य आहे. दंडाविरुद्ध दाद मागायची तर वकिलालाच विचारा, मी गाडीवाला आहे.

तुम्ही डाउनपाइप म्हणालात, पण कॅटसकट की बिगरकॅट ते लिहिलं नाहीत. पीयूसीच्या कागदावर सीओचा आकडा छापलेला असतो. तो कमेंटमध्ये टाका, आणि नळी किती आत घातली होती तेही.