अवयवदानासाठी ब्रिटनमधल्या आपल्या लोकांचं मन कसं वळवावं?

तुमचा प्रश्न असा की इंग्लंडमध्ये आता कायदाच संमती गृहीत धरतो, मग आपल्या लोकांना पटवत कशाला बसायचं?

बसावं लागतं. २० मे २०२० पासून, प्रौढ माणसाने नकार नोंदवला नसेल तर त्याचा होकार धरतात, हे खरं. पण आयसीयूबाहेर नर्स घरच्यांशी बोलतेच, आणि ते ‘नको’ म्हणाले की सहसा तिथेच थांबतात. गोऱ्यांत तीनपैकी साधारण दोन कुटुंबं हो म्हणतात. आशियाई आणि कृष्णवर्णीयांत निम्मीही नाहीत. बाबांच्या मनात काय होतं हे कुणालाच ठाऊक नसतं, मग एखादे काका ‘देह अखंड जाऊ दे’ म्हणतात आणि विषय मिटतो.

माझा नवरा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसला असतो. हॉलभर नजर फिरवली की गुजराती काका, सरदारजी, बांगलादेशी मावशी. शुगर आणि बीपीने किडन्या खाल्लेली आपलीच माणसं. बी रक्तगट आपल्यात भरपूर, गोऱ्यांत दहात एखादा. टिश्यूही आपल्यासारख्याच वंशाच्या दात्याशी जुळण्याची शक्यता जास्त. म्हणून आपले लोक किडनीच्या प्रतीक्षा यादीत जास्त ताटकळतात.

सासूबाईंवर या आकड्यांचा काडीचा परिणाम झाला नाही. ‘पुढच्या जन्मी आंधळी जन्मले तर?’ हा त्यांचा प्रश्न. एकदा त्या सोबत आल्या आणि त्यांनी मुलाच्या हाताच्या फिस्तुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्यांवर, बोटं ठेवली. तिथे रक्त मांजरासारखं घुरघुरतं. परतताना गाडीत म्हणाल्या, ‘माझ्या वयाच्या बाईचं घेतात का गं काही?’ नोंदणीला वयाची वरची मर्यादा नाही. त्याच रात्री फॉर्म भरला. डोळे तेवढे वगळायला लावले. मी वाद घातला नाही.

तेव्हा पत्रकं आणि भाषणं राहू द्या. गणपतीत असं एक भाषण ऐकलंय, लोक प्रसादाच्या रांगेकडे बघत होते. डायलिसिसवरच्या ओळखीच्या माणसाला बोलतं करा. मुस्लिम शेजाऱ्यांसाठी इस्लामी धर्मपंडित मुफ्ती झुबेर बट यांचा, अटींसह परवानगी देणारा २०१९चा फतवा आहे. पण तो मशिदीतल्या कुणी सांगावा, माझ्यासारखीने नव्हे. अंत्यविधीची, धर्माची काळजी असेल तर नोंदणी करतानाच ‘माझ्या श्रद्धेबद्दल घरच्यांशी बोला’ असं कळवता येतं.

आणि स्वतःचं घरात बोलून ठेवा. मी वरणभात वाढताना बोलले. ‘आई, जेवताना नको ना,’ म्हणून मुलगा वैतागला. पण ऐकलं त्याने.