जड जिगसाठी रॉड घेताना "हेवी" हा शब्द नको बघू, ग्रॅम बघ

भावा, तू विचारलंयस की बास माशाच्या फिशिंगचे अमेरिकन व्हिडिओ बघून पाऊण औंस आणि एक औंसाचे जिग (जड धातूच्या डोक्याचे, गळ असलेले नकली आमिष) मागवलेस, आता त्यांच्यासाठी ७ फूट ६ इंचाचा हेवी बेटकास्टिंग रॉड (ज्यात रील दांड्याच्या वर बसतं) घ्यायचा की दुकानदार म्हणतोय तो मीडियम हेवी स्पिनिंग (ज्यात रील खाली लटकतं) चालेल. बजेट ५ हजार, राहायला कळवा, मासेमारी बेलापूर-उरणच्या बाजूला आणि अधूनमधून गायमुखला, नजर जिताडा माशावर. मी गेली बारा-तेरा वर्षं याच खाड्यांमध्ये जिग टाकतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चुकलास तर पैसे जातातच पण हातातला मासाही जातो आणि ते जास्त लागतं.

आधी सरळ उत्तर. ७ फूट किंवा ७ फूट ३ इंच, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड घे, अॅक्शन (रॉड कुठून वाकतो ते) फास्ट, आणि हँडलच्या वर जिथे लूर वेट, म्हणजे रॉड किती वजनाचं आमिष फेकेल ते, लिहिलेलं असतं तिथे वरचा आकडा ४० ग्रॅमच्या आसपास पाहिजे. म्हणजे १४ ते ४२ किंवा १० ते ४० असं काहीतरी. त्यावर मीडियम हेवी लिहिलंय की हेवी लिहिलंय याला अजिबात महत्त्व देऊ नकोस.

का ते सांगतो. "हेवी" या शब्दाचं सगळ्या कंपन्यांना लागू होईल असं एक माप नाहीये. एका कंपनीचा हेवी म्हणजे दुसऱ्या कंपनीचा मीडियम हेवी असू शकतो, आणि समुद्राच्या रॉडवर लिहिलेला हेवी आणि बास रॉडवर लिहिलेला हेवी यांचा तर एकमेकांशी काहीच संबंध नाही. ग्रॅमचा आकडा निदान काहीतरी सांगतो. आता यात नवीन माणूस हमखास चुकतो अशी एक गोष्ट आहे, जिगवर जे वजन लिहिलेलं असतं ते फक्त डोक्याचं, म्हणजे शिशाचं किंवा टंगस्टनचं. त्यावर रबरी झालर आली, मागे तू ट्रेलर म्हणून ५ इंचाचा पॅडल टेल, म्हणजे शेपटी हलणारा मऊ रबरी मासा, लावलास की त्याचेच १२-१५ ग्रॅम वाढतात. पाऊण औंस म्हणजे २१ ग्रॅम, ट्रेलर धरून झाले ३५. एक औंसाचा जिग २८ ग्रॅमचा, तो चाळिशीच्या वर गेला. आणि तू ज्या रॉडचा फोटो टाकलायस त्यावर लिहिलंय अर्धा ते एक औंस, म्हणजे वरची हद्द २८. त्या रॉडने तू पूर्ण ताकद लावून कास्ट केलास तर कधीतरी टिप जाणार, आणि नाही गेली तरी रॉड इतका लोळतो की कास्ट कुठे पडेल ते तुझ्या हातात राहत नाही.

माझ्याकडून दोन्ही बाजूंच्या चुका झाल्यात. पहिला रॉड घेतला तो ८ फुटी, ४० ते ८० ग्रॅमचा, दुकानात सांगितलं की खाडीला हाच लागतो. त्यावर २० ग्रॅमचा जिग लावला की रॉड वाकतच नव्हता, आणि रॉड वाकला नाही तर तो फेकणार कसा, सगळा जोर खांद्यावर. त्याहून वाईट म्हणजे जिग तळाला टेकला कधी, कालवांच्या दगडावर घासतोय की चिखलात रुतलाय, काही कळायचं नाही. एक अख्खा हिवाळा मी त्या रॉडने गेलो आणि मासा येऊन आमिष तोंडात घेऊन सोडून जात असेल तरी मला पत्ता नसणार. मग वैतागून एकदम हलका घेतला, ७ ते २८ ग्रॅमचा, मऊ, मधूनच वाकणारा. टाकायला एवढं सुख की विचारू नकोस. आणि मग उरणच्या बाजूला एका जेट्टीच्या खांबाजवळ चांगला जिताडा लागला, त्याने डोकं झटकलं, रॉड हँडलपर्यंत वाकला आणि पुढे माझ्याकडे ताकदच उरली नाही, मासा आरामात खांबाला वळसा घालून गेला आणि खांबावरच्या कालवांनी लाइन कापली. पाण्याच्या वर एकदा आला होता, अख्खा दिसला होता. त्या रात्री झोप नाही लागली.

म्हणून फास्ट अॅक्शन म्हणतोय. फास्ट म्हणजे वरचा तिसरा हिस्सा वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. वरचा भाग जिग फेकतो आणि तळाची खबर देतो, खालचा भाग मासा ओढून काढतो. आपल्याकडे लार्जमाउथ बास नाहीये पण जिताडा आणि तांबोशी दोघं तसेच आडोशाला दबा धरून बसणारे आहेत, खांब, दगड, तिवरांची मुळं, आणि गळ लागला की पहिल्या दोन-तीन सेकंदात परत तिकडेच पळतात. तेवढ्या वेळात तू त्याचं तोंड फिरवलंस तर मासा तुझा. शिवाय बास जिगला पुढे ते फायबरचे ताठ केस असतात ना, अडकू नये म्हणून, गळ बसायच्या आधी ते केस दाबले जायला लागतात आणि गळ पण जाड तारेचा असतो, मऊ रॉडने ते होत नाही. ते केस मी कात्रीने थोडे विरळ करतो, सगळे नाही कापत, तिवरांत ते खूप कामाचे आहेत.

आता जिगचं वजन. इथे अमेरिकन व्हिडिओ तुला मदत करणार नाहीत कारण त्यांचं पाणी तलावाचं आणि आपलं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आपल्याकडे भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ते सगळं पाणी परत जातं तेव्हा बेलापूरच्या बाजूला २१ ग्रॅमचा जिगसुद्धा तळाला टेकायच्या आधी वाहून जातो, तेव्हा तुझा एक औंसवाला काढ. भांगाला, अष्टमीच्या आसपास, पाणी सुस्त असतं, तिथे १४ ग्रॅम पण पुरतो आणि जिग सावकाश पडतो त्यामुळे मासे उलट जास्त घेतात. म्हणजे रॉड असा पाहिजे की १४ चा पण फेकेल आणि ट्रेलरसकट ४० चा पण. पण तुला दोन्ही टोकांना तो थोडा कमीच पडणार, हे मान्य करूनच घे. मी असाच एक रॉड ६ वर्षं वापरला आणि जास्तीत जास्त मासे त्याच्यावर ट्रेलरसकट २५ ते ३५ ग्रॅममध्ये लागलेत. ज्याला फक्त उधाणालाच जायचंय त्याने खुशाल ६० ग्रॅमपर्यंतचा घ्यावा.

बेटकास्टर वाईट नाही, जड जिगला तो खरंच मस्त, अंगठ्याखाली लाइन असते आणि नेम छान बसतो. पण आपल्याकडे संध्याकाळी वारा समोरून येतो, अंधार पडतो, आणि ५ हजारात रॉड-रील दोन्ही बसवलंस तर त्या रीलवर गुंते सोडवण्यातच भरती निघून जाईल. आधी स्पिनिंगवर दोन सीझन काढ. ४००० साइजचं रील, ३० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन), पुढे हातभर ४० पौंडी लीडर (आमिषाजवळचा जाड लाइनचा तुकडा). लीडर कंजूषी न करता लाव, जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते. ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रील लाइन सोडेल ते, ४ किलोच्या आसपास, लगेज मोजायचा तो लटकवायचा काटा असेल तर त्याने मोजून बघ, अंदाजाने नको.

दुकानात गेलास की स्वतःचं रील घेऊन जा, लाइन गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) ओवून टोकाला अर्धा लिटरची पाण्याची भरलेली बाटली बांध आणि सावकाश उचल. वरून गोल वाकून खाली ताठ राहिला तर ठीक, हँडलपर्यंत कमान झाली तर ठेवून दे. रॉड उभा सरळ वर नेऊ नकोस, तसं केलं की टिप तुटते, जेट्टीवर मासा रॉडने उचलून घेतानाही हेच होतं म्हणून लांब दांड्याची जाळी ठेव. प्रत्येक गाइडच्या रिंगमधून कापूस फिरव, धागा अडकला तर तिथे चीर आहे आणि ती ब्रेड खाणार. गाइडची फ्रेम गंजणारी नको, खारं पाणी सोडत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, रात्री कितीही उशीर झाला तरी. आणि दोन तुकड्यांचा का तर कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बर पकडून तू जाणार, ७ फुटी अखंड रॉड गर्दीच्या लोकलमध्ये न्यायचा म्हणजे तुझ्याही जिवाला घोर आणि शेजारच्याच्या डोळ्यालाही. जोडाजवळ सेन्सिटिव्हिटी कमी होते म्हणतात, मला तरी आजच्या रॉडमध्ये फरक जाणवलेला नाही.

एक मनापासून सांगतो. ऐरोली ते वाशी पुलाच्या मधला फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा आहे, २०१५ पासून, तिथे जाऊ नकोस. आणि मोठा जिताडा मिळाला तर तो बहुतेक मादी असतो, हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणून ८-१० किलोवाला लागला तर फोटो काढ, पाण्यात धरून दम घेऊ दे आणि सोड. खायला दोन-अडीच किलोचा पुष्कळ होतो.

आज रात्री एवढंच कर, मागवलेले जिग ट्रेलर लावून सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर ठेव, आणि आलेले आकडे घेऊनच दुकानात जा.