प्रशांत महासागरातील बेटांवरच्या जंगली पक्ष्यांची संख्या कशी काढतात?

हवाईमधील काउआई बेटावर अकिकिकी हा पक्षी केवळ 45 इतकाच उरला होता, असे आपण वाचले आणि इतक्या दाट जंगलातला असा नेमका आकडा खरा मानावा का, असे विचारले आहे. मी अशा गणनांच्या आकडेवारीवर काम करतो, त्यामुळे पद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

जंगलातला प्रत्येक पक्षी कोणीही मोजत नाही. जे आढळले त्यांवरून न आढळलेल्यांचा अंदाज बांधला जातो. जंगलातून आधीच ठरवलेल्या रेषा आखतात आणि त्यांवर साधारण दीडशे मीटरच्या अंतराने थांबे घेतात. सकाळच्या वेळी निरीक्षक प्रत्येक थांब्यावर ठरावीक वेळ (हवाईत बहुधा आठ मिनिटे) उभा राहतो आणि दिसलेल्या वा ऐकू आलेल्या प्रत्येक पक्ष्याची जात व त्याचे आपल्यापासूनचे अंतर लिहितो. शेजारी वारा, पाऊस आणि ढगांची नोंद असते. पक्षी बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून आवाज ज्या झाडातून आला ते झाड हेरून अंतर ठरवावे लागते. यासाठी निरीक्षकांचे कान आधी तयार करून घेतात, कारण पुढचे सारे गणित या अंतरांवरच उभे असते.

ते गणित असे. आपल्याभोवती वीस मीटर त्रिज्येचे वर्तुळ कल्पावे. त्याबाहेरच्या, वीस ते चाळीस मीटरच्या कड्याचे क्षेत्रफळ त्या वर्तुळाच्या तिप्पट भरते. पक्षी सर्वत्र सारख्याच दाटीने असतील तर त्या कड्यात तिप्पट नोंदी व्हायला हव्यात. समजा, आतल्या वर्तुळात दहा पक्षी आढळले आणि कड्यात तीसऐवजी पंधराच, तर कड्यातले निम्मे पक्षी आपल्याला कळलेच नाहीत असे धरावे लागते. अंतर वाढेल तशी ही निसटण्याची शक्यता कशी वाढते याचा आलेख प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र काढतात आणि त्यावरून दर चौरस किलोमीटरमागे किती पक्षी असावेत हे ठरते. मात्र यात एक गृहीत आहे: निरीक्षकाच्या अगदी जवळचा पक्षी कधीच निसटत नाही आणि तो माणसाच्या चाहुलीने सरकण्यापूर्वीच टिपला जातो. आपापने हा लाल पक्षी ओहिया या तिथल्या झाडाच्या फुलांमागे थव्याने इकडून तिकडे उडत असतो. तोच पक्षी दोन थांब्यांवर मोजला गेला की संख्या फुगते. उलट अबोल जातीचा पक्षी डोक्यावरच्या फांदीवर असूनही सुटतो.

हवाईच्या जंगलांची अशी पहिली मोठी पाहणी 1976 ते 1983 या काळात, जीवशास्त्रज्ञ जे. मायकेल स्कॉट यांच्या नेतृत्वाखाली झाली. माझ्या मते तिची खरी कमाई संख्येपेक्षा नकाशांची आहे. मूळचे हवाईचे पक्षी मुख्यतः उंचावरच्या जंगलात एकवटले असल्याचे त्यांतून ठळकपणे दिसले. बाहेरून आलेले डास खालच्या उबदार भागात पक्ष्यांचा हिवताप पसरवतात. सुमारे 13 अंश सेल्सिअसखाली त्या रोगाच्या परजीवीची डासाच्या शरीरात वाढच होत नाही. काउआईचे सर्वोच्च शिखर जेमतेम 1,600 मीटरचे असल्याने हवामान तापू लागल्यावर तिथल्या पक्ष्यांना आणखी वर सरकायला जागा उरली नाही. याच बेटांवर आपली साळुंकी मात्र सुखाने नांदते. किडी खाण्यासाठी तिला एकोणिसाव्या शतकात भारतातून मुद्दाम नेऊन सोडले होते.

नकाशाचे महत्त्व ग्वाम बेटावर आणखी स्पष्ट झाले. तिथले वनपक्षी नाहीसे होऊ लागले तेव्हा कीटकनाशके, रोग अशा अनेक शंका घेतल्या गेल्या. परिसंस्था-अभ्यासक ज्युली सॅव्हिज यांनी 1980 च्या दशकात जुन्या नोंदी जुळवल्या, तेव्हा पक्षी दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमाक्रमाने नाहीसे झाले असून तपकिरी वृक्षसर्पाचा फैलावही त्याच क्रमाने झाला असल्याचे आढळले. हा साप दुसऱ्या महायुद्धानंतर, बहुधा लष्करी मालातून, तिथे पोहोचला होता.

आता आपल्या 45 विषयी. तो 2021 सालचा अंदाज आहे. 2018 मध्ये हाच अंदाज साडेचारशेच्या आसपास होता. पक्षी इतके विरळ झाले की बहुतेक थांब्यांवर नोंद शून्य येते आणि त्या शून्याचा अर्थ 'पक्षी नाही' की 'कळला नाही' हे एका भेटीत सांगता येत नाही. म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन किती वेळा पक्षी आढळतो ते पाहतात, घरटी शोधतात, पायांत रंगीत कडी घालून एकेक पक्षी ओळखतात. त्यामुळे 45 ऐवजी 35 किंवा 60 असते तरी मला नवल वाटले नसते. पण तीन वर्षांत संख्या दहाव्या हिश्शावर आली हा निष्कर्ष अशा चुकीने पुसला जात नाही. 2023 मध्ये तर रानात पाचच अकिकिकी उरल्याचे ज्ञात होते, आणि तो आकडा गणिताचा नव्हता; एकेक पक्षी ओळखून मोजलेला होता.