धनी, उठा!

प्रश्न : माझ्या मुलीने आमच्या चर्चच्या गायनमंडळात एक चेक भाषेतली मिस्सा ऐकवली. रचनाकार याकुब यान रिबा. ऐकताना ती मेंढपाळांची गाणीच वाटतात. ही खरंच उपासनेची रचना आहे का? नाताळात आम्ही यातलं काही गावं का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, ती मेंढपाळांचीच गोष्ट आहे आणि उपासनेसाठीच रचलेली आहे; मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा उपासनाविधीच. साल १७९६. जिथे एरवी ‘प्रभू, दया कर’ म्हणायचं, त्या कीरियेच्या जागी रिबाचा पोरसवदा मेंढपाळ धन्याला हाका मारतो : उठा, आभाळ बघा कसं उजळलंय! पुढे ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस ही मिस्सेतल्या ठरलेल्या गीतांची चौकट तशीच. आत लॅटिनऐवजी गावाला समजणारी चेक.

माझं लहानपण मोहोळकडे गेलं. सुगी संपली की धनगर आमच्या रानात मेंढ्या बसवायचे. रात्री कुत्री भुंकली की आधी पोरगं जागं व्हायचं आणि म्हाताऱ्याला हलवायचं. ही मिस्सा पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ते पोरगंच दिसलं. त्यातली बासरी ऐका, मग कळेल मी काय म्हणतो ते.

रिबा होता शाळामास्तर. १७८८ पासून रोझमिताल या लहानशा गावी. तिकडे मास्तरानेच चर्चचं गाणंबजावणं सांभाळायची रीत होती. दिवसा पोरं शिकवायची, मग ऑर्गन आणि गायकांची तालीम. घरी तेरा मुलं झाली, पैशाची कायम ओढाताण, वरिष्ठांशी खटके. १८१५ मध्ये, पन्नाशीही गाठली नव्हती, त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. मीही बत्तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. हे वाचलं त्या दिवशी पेटीला हात लावावासा वाटला नाही.

संगीताची मूलतत्त्वं सांगणारं पुस्तकही त्याने चेकमध्येच लिहिलं. ते छापून आलं १८१७ मध्ये. आपल्या सिद्धरामेश्वरांनी वचनं कन्नडात सांगितली, त्यामागेही हीच माया असणार असं मला वाटतं.

तेव्हा जरूर गा. पहिलं गाणं मराठीत आणणार असाल तर एवढं करा : ‘हे स्वामी, जागृत व्हा’ नको. ‘धनी, उठा’ असंच ठेवा, आणि ते मंडळातल्या सगळ्यात लहान पोराला गाऊ द्या.