प्राचीन विजेत्यांमुळे पाश्चात्त्य लोकांची नीतिमत्ता आणि धर्म घडला, हे कितपत खरं आहे?

खरं आहे, पण कुणी राजा आला, देश जिंकला आणि म्हणाला आजपासून ही नीती पाळा, असं फार कमी वेळा झालंय. माझ्या मते जास्त काम हरलेल्यांनी केलं. जिंकणाऱ्याचे करार, त्याची भाषा, त्याची दहशत, सगळं उचललं आणि आपल्या देवाच्या नावावर करून टाकलं.

सगळ्यात भारी उदाहरण असिरियाचं, म्हणजे आजच्या इराकातल्या एका प्राचीन साम्राज्याचं. इ.स.पू. ६७२ मध्ये एसरहद्दोन राजाने मांडलिकांकडून शपथ घेतली की माझ्यामागे अशुरबनिपाल गादीवर बसेल, त्याच्यावर स्वतःच्या जिवासारखं प्रेम करा, त्याच्याविरुद्ध कुणी बोलताना ऐकलं तर मग तो सख्खा भाऊ असो की पोटचा मुलगा, लगेच येऊन सांगा. शपथ मोडली तर शापांची ही लांबलचक यादी, जमीन लोखंडाची होईल, आभाळ पितळेचं होईल आणि पाऊस पडणार नाही वगैरे. या मातीच्या पाट्या १९५५ मध्ये इराकात निमरूदला सापडल्या (उत्खनन मॅक्स मॅलोवन यांचं, म्हणजे अगाथा ख्रिस्तीचे मिस्टर). आता बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक उघडा. सहाव्या अध्यायात देवावर पूर्ण मनाने प्रेम कर, तेराव्यात भाऊ, मुलगा किंवा बायको दुसऱ्या देवाकडे चल म्हणाली तर लपवू नकोस, गय करू नकोस, आणि अठ्ठाविसाव्यात तेच पितळेचं आभाळ अन् लोखंडाची जमीन! यहूदा, म्हणजे जेरुसलेमभोवतीचं यहुद्यांचं राज्य, बरीच वर्षं असिरियाचं मांडलिक होतं, तेव्हा तिथल्या लेखनिकांना असले करारनामे माहीत असणार. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत, पण मला तरी एवढं साम्य योगायोगाने आलेलं वाटत नाही. सम्राटाने मागितलेली निष्ठा त्यांनी देवाला देऊन टाकली, आणि 'एकच धनी, दुसरा नाही' हा हट्ट पुढे ख्रिश्चन धर्मातही उतरला.

सायरसची गोष्ट तर मजेशीर आहे. बाबिलोनच्या नेबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेमचं यहुद्यांचं मंदिर पाडून लोकांना बाबिलोनला नेलं होतं, इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या सायरसने बाबिलोनच घेतलं आणि यहुद्यांना परतीची वाट मोकळी झाली. बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायात तो चक्क देवाने अभिषेक केलेला राजा आहे, आणि सायरसच्या स्वतःच्या मातीच्या लेखात हाच विजय बाबिलोनच्या मार्दुक देवाने दिला असं लिहिलंय. लढाई एक, श्रेय घ्यायला देव दोन.

मेल्यावर न्याय ही कल्पना जोरात आली ती अँटिओकस चौथा या ग्रीक राजामुळे. त्याने इ.स.पू. १६७ च्या सुमारास यहुद्यांचा शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सुंता यांवर बंदी घातली आणि जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देव झ्यूसची पूजा सुरू केली. तोवर साधारण समज असा की देवाचं ऐकलं की याच जन्मात भलं होतं, पण आता ऐकणारेच मारले जात होते, मग हिशोब जुळवायचा कसा? म्हणून बायबलमधल्या दानिएल या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मेलेले उठतील, कुणाला कायमचं जीवन तर कुणाला कायमची अप्रतिष्ठा, असं येतं. धर्मासाठी जीव देणाऱ्याचा मानही याच काळात वाढला, आणि ख्रिश्चनांना दोन्ही गोष्टी आयत्या मिळाल्या. (आपल्या कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, म्हणजे शनवार तेली, त्यांच्यातही परंपरा अशीच सांगतात की पूर्वज याच राजाच्या छळातून निघाले आणि नवगावजवळ जहाज फुटलं.)

सरळ वरून धर्म घडवणारा म्हणाल तर रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन. ३२५ मध्ये येशू नेमका कोण हा वाद मिटवायला निकेयात (आजच्या तुर्कीत) बिशपांची, म्हणजे ख्रिश्चन धर्मगुरूंची, सभा याने बोलावली, तेव्हा स्वतःचा बाप्तिस्माही झाला नव्हता, तो घेतला ३३७ मध्ये मरणाच्या दारात. त्याआधी ३२१ मध्ये रविवारच्या सुट्टीचा कायदाही त्याचाच, आणि त्यात सूर्याचा दिवस म्हटलंय, येशूचं नावही नाही. कोर्टं आणि शहरातले कारखाने बंद, शेतकऱ्याने मात्र खुशाल राबावं, कारण पेरणीची वेळ चुकायला नको.